चिकूच्या झाडांतून गेलेला सिग्नल

तिसऱ्या वर्षाला वायरलेस नेटवर्किंग हा विषय आला आणि मला पहिल्यांदाच पुस्तक पुढे वाचत जावंसं वाटू लागलं. पानांतलं पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं, असं त्यात एक वाक्य होतं. ते वाचल्यावर मला थेट नरपडची वाडी आठवली. माझे बाबा तिथे चिकू काढायला जातात. शाळेपलीकडे गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच.

प्रोजेक्टसाठी मी हाच विषय मागितला: चिकूच्या वाडीत वायफाय कुठपर्यंत पोचतं आणि दुसरा राउटर कुठे लावावा. वर्गात बहुतेकांनी तयार प्रोजेक्ट घेतले होते. मॅडम म्हणाल्या, सोमवारी मोजलेला तक्ता दाखव, नाहीतर तूही त्यांच्यातलाच एक घे. मला ते नको होतं.

वाडीच्या मालकांनी तिथल्याच ऑफिसातला राउटर वापरायला दिला. रविवारी बाबा माझा फोन घेऊन एकेका झाडावर चढले. फोनवर सिग्नलचा आकडा दिसत होता. ते वरून ओरडून सांगायचे, मी खाली वहीत लिहायचे. ओळींमधल्या मोकळ्या वाटेवरही ते थांबून आकडा सांगायचे. आकड्याच्या आधी एक छोटी रेघ दिसते, असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, नुसता आकडा सांगा. आत आत गेलो तसे आकडे वाढत गेले. पाचव्या ओळीतल्या दाट झाडावर अठ्ठ्याऐंशी आला, तेव्हा बाबा पानांतून म्हणाले, "बाय, आज मोठे मोठेच निघतायत."

तिथे सिग्नल सगळ्यात चांगला, म्हणून आम्ही दोघांनी तेच झाड दुसऱ्या राउटरसाठी पक्कं केलं.

सोमवारी मॅडमनी तक्ता पाहिला. ऑफिसच्या दारात एक्केचाळीस आणि पाचव्या ओळीत अठ्ठ्याऐंशी कसे, असं विचारलं. मी त्याचं कारणही लिहून आणलं होतं: लहर दूर गेल्यावर नीट पसरते. ते वाचून त्यांनी तक्ता पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक आकड्यापुढे वजाचं चिन्ह काढत गेल्या. "सिग्नल वजामध्ये मोजतात. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. आता वाच."

मी वाचलं. ऑफिसपाशी उत्तम, पहिल्या ओळीनंतर कमी, मग प्रत्येक ओळीला आणखी कमी. फक्त दोन ओळींमधल्या मोकळ्या वाटेवर सिग्नल टिकून होता. पुस्तकातलं ते एक वाक्य माझ्या वहीत, आमच्या वाडीच्या झाडांवरून उतरलं होतं.

"मोजलं कोणी?" त्यांनी विचारलं.

मी थोडी अडखळले. मग सांगितलं, बाबांनी, झाडावर चढून.

त्या म्हणाल्या, एकही आकडा बनवलेला नाही हे दिसतंय, बनवले असते तर पुस्तकात आहे तसे ते दूर जाताना घटवले असते. त्यांनी विषयाच्या अर्जावर सही केली आणि दुसरा राउटर वाटेच्या टोकाला लावून पुन्हा मोजायला सांगितलं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी वहीत पाचवी ओळ शोधली.

"म्हणजे सगळ्या वाडीत वाईटातलं वाईट झाड आपण निवडलं?"

"हो."

ते हसायलाच लागले. हसता हसता म्हणाले, पुढच्या रविवारी मालकांना सांगून लवकर जाऊ, आणि या वेळी ती रेघही मी मोठ्याने सांगेन.