वेणू नाव विकायचं नाही

आईच्या गोधड्यांसाठी मी वेबसाइट काढली आणि तिला आईचं माहेरचं नाव दिलं, वेणू. लग्नात ते बदलून सुशीला केलं होतं. महिनाभरातच कुणा दलालाच्या ईमेल सुरू झाल्या. वेबसाइटचं नाव विका, गिऱ्हाईक तयार आहे, आजच कळवा. मी त्या पुसून टाकत असे. काल सकाळी पुन्हा एक आली, तेव्हा आई शेजारीच सुईत दोरा ओवत होती.

"काय म्हणतोय?"

"तुझं नाव मागतोय. विकतेस का, असं विचारतोय."

तिचा हात थांबला. "लग्नात बदललं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हा निदान विचारतोय तरी." मग ताठ बसून म्हणाली, "नाही म्हणून कळव. खाली माझं नाव घाल."

आपलं नाव सतत दुसऱ्यांच्याच तोंडी असतं, म्हणून त्यांना ते स्वतःचंच वाटत असावं. मी लिहिलं, 'नाव विकायचं नाही. वेणू.' पाठवायचं बटण तिने स्वतः दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

आई इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या.