रंधा मारलेलं लाकूड

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. जिवती तालुक्यातलं हे एक मात्र मनातून गेलं नाही.

लाकडाच्या एका डेपोतून सागाचे चिरलेले नग चोरीस गेल्याची तक्रार आमच्या पोलीस ठाण्यात नोंदली होती. चार दिवसांनी खबऱ्याचा फोन आला : डोंगराकडून एक टेम्पो लाकूड भरून निघाला आहे. आम्ही घाटाखाली नाकाबंदी लावली. टेम्पोत नऊ तुळया सापडल्या, सोबत जवळच्या गावचा मुसलमान सुतार. वय साठीच्या आसपास. परवाना नाही, पावती नाही. जुन्या घराचं लाकूड विकत घेतलं, एवढंच तो सांगत होता.

तुळया चारही बाजूंनी रंधा मारून साफ केलेल्या होत्या. डेपोच्या मालावर वनखात्याच्या हातोड्याची छाप असते. ती घालवण्यासाठीच रंधा मारला, असं मी धरून चाललो. डेपोचा रखवालदार आला, हात फिरवला आणि म्हणाला, "साग. आपलाच माल."

"काऊन रंधा मारला?" मी सुताराला विचारलं.

"धुरानं काळं झालेलं लाकूड नव्या घराले कोन लावते, साहेब? गिऱ्हाईक हात नाई लावत. आमी जागेवरच साफ करून आनतो." मग तुळईकडे बोट दाखवून म्हणाला, "अन् हे साग नोहे, बिजा हाय, तुमी बिबळा म्हनता थे. छिलका पान्यात टाकून पाहा ना. निळं पानी दिसंल."

हवालदार हसला. "चाचा, ठान्यात जादू दाखवता का?"

आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमालाची परीक्षा करायची नसते, असं मी सुताराला सुनावलं. न्यायालयातून दोन दिवसांची कोठडी घेतली. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालाला महिना लागेल, असं कळलं. लाकूडचोर म्हणून नाव झालं की या भागात सुताराला कोणी दारात उभं करत नाही. ते त्याला माहीत होतं. मलाही होतं.

लाकूड ज्याच्याकडून घेतलं असं सुतार सांगत होता, त्या शेतकऱ्याकडे दुसऱ्या सकाळी त्याला घेऊन गेलो. जुनं घर पाडून त्या जागेवर घरकुलाचा पाया घातलेला होता.

"मी कोनाले काई इकलं नाई, साहेब. मी याले वळखतही नाई."

मी परत फिरणार होतो. तेवढ्यात मागच्या बाजूला त्याची बायको चूल पेटवताना दिसली. तिच्या हातात रंध्याचे छिलपे होते. एका बाजूने काजळीने काळे, दुसऱ्या बाजूने पिवळट तपकिरी.

"बाई, हे कुठचे?"

"मिस्त्रीभाऊ दोन दिवस इथीच तर रंधा मारत होते! चहा मीच देत होती." नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "अन् तुमी काऊन नाई म्हनून राह्यले?"

तो खाली बसला. परवान्याशिवाय लाकूड विकलं म्हणून वनखात्याचे लोक येतील आणि घरकुल अडकेल, अशी भीती त्याला कोणीतरी घातली होती. म्हणून सुताराला त्याने ओळख दिली नाही.

छिलपे पंचांसमोर जप्त केले. त्यातले थोडे ठाण्यात आणून काचेच्या ग्लासात भिजवले, दुसऱ्या ग्लासात टेम्पोतल्या तुळईचा तुकडा. तासाभराने ग्लास उन्हात धरले. दोन्हींत पाणी पिवळट झालं होतं आणि कडेला स्वच्छ निळी झाक होती. रखवालदाराला बोलावलं होतं; त्याने डेपोतून आणलेला सागाचा तुकडाही भिजवून पाहिला. त्याच्या पाण्यात निळं काही दिसेना.

सुतार सुटला. मुद्देमाल परत करण्याचा आदेश यायला मात्र पावसाळा गेला. तोवर तुळया ठाण्याच्या आवारात भिजत होत्या, आणि ज्या घराच्या चौकटींसाठी त्या आणल्या होत्या, ते काम दुसऱ्याला गेलं होतं. सुतार त्या न्यायला आला तेव्हा त्याने प्रत्येक तुळई ठोकून पाहिली. दोन बाजूला काढल्या. "ह्या फाटल्या. ठान्यात जळनाले ठेवा." रजिस्टरवर सही केली आणि गेला. मी माफी मागायला हवी होती. पोचपावती तपासत बसलो.

पुढे निवृत्तीपर्यंत एक सवय ठेवली. जप्त केलेल्या वस्तूबद्दल आरोपीला काय माहीत आहे, ते पहिल्याच जबाबात लिहून घ्यायचं आणि त्याच दिवशी पडताळायचं. त्या दोन दिवसांत मी लाकूड ओळखणारा माणूस शोधत जिल्हाभर फोन केले होते. तो माझ्याच कोठडीत बसला होता.