समईची नामावळी

माझ्या साडूंसमोर बसून चहा पिणं याइतकं धाडसाचं काम पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नाही. वाघाच्या पिंजऱ्यात शिरणाऱ्या माणसाला निदान वाघ कुठे बसलाय ते दिसत असतं. साडूंच्या बाबतीत धक्का कपातून येईल, बशीतून येईल की तुमच्या लेंग्याच्या नाडीतून येईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. निवृत्त झाल्यावर ते आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आले, तेव्हा बायकोने कौतुकाने ठेवणीतले कप काढले. पांढरेशुभ्र, सायीसारखे. साडूंनी कप उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून त्यातून पलीकडे पाहिलं, टिचकी मारून नाद ऐकला आणि शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंना अत्यंत आदराने विचारलं, "आई, आज एकादशी ना? मग हे हाडांचं भांडं कसं काय चालतं?"

"कसली हाडं?" सासूबाईंचा घोट घशातच थांबला.

"गुरांची. जाळून राख करतात आणि मातीत कालवतात. त्याशिवाय एवढा पांढरेपणा येतो होय?"

सासूबाई सहा वर्षं त्याच कपातून उपासाचा चहा घेत होत्या. त्या दिवशी त्यांनी इतक्या चुळा भरल्या, की गंगापूर धरणाची पातळी निदान वीतभर उतरली असणार. पाटबंधारे खात्याने ती बाष्पीभवनात दाखवली असेल, पण खरं कारण मला माहीत आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं पंचवटीतलं, पिढ्यान्‌पिढ्यांचे तीर्थोपाध्ये. त्यांचे थोरले बंधू अजून रामकुंडावर बसतात. यात्रेकरू आला की त्याचं गाव आणि आडनाव विचारायचं, लाल कापडात बांधलेली लांबलचक वही सोडायची आणि त्याचे पणजोबा इथे येऊन गेल्याची नोंद त्यांच्याच अक्षरात त्याला दाखवायची. ही नामावळी. आलेला माणूसही मग आपलं नाव आपल्याच हाताने खाली लिहितो, म्हणजे पुढच्या पिढीची सोय झाली. साडूंनी मात्र विशीतच हा वारसा बंधूंच्या पदरात टाकला आणि अंबडच्या एका कारखान्यात प्लेटिंगच्या खात्यात नोकरी धरली. धातूच्या वस्तू आम्लाच्या हौदांत बुचकळून काढायच्या आणि त्यांना चकाकी आणायची, हे त्यांचं काम. ते एकतीस वर्षं केलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी लांबट वही आणली, लाल कापडात बांधली आणि नामावळी लिहायला घेतली. माणसांची नव्हे, वस्तूंची!

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला निदान आडनाव तरी असतं. वस्तू बिचारी दुकानात अनाथासारखी उभी असते. तिचे आईबाप कोण, ती कुठल्या डोंगराच्या पोटची, तिच्या बाळंतपणात कुणाचे हाल झाले, हे कुणीतरी लिहून ठेवायला नको? मग काय, दिसेल त्या वस्तूला ते कूळ विचारू लागले. स्वतः दोन पँटींवर वर्ष काढत. त्यांतल्या एकीला इतकी ठिगळं होती, की मूळ पँट आता केवळ स्मृतिरूपाने उरली होती. एकदा मी नव्या मोबाईलवर मनमाडच्या पुतण्याशी बोलत होतो. साडू शांतपणे म्हणाले, "हळू बोला. त्यातल्या बॅटरीची माती कुणीतरी हातांनी उकरलीय. दमला असेल, झोपू द्या." पुतण्या तिकडे 'हॅलो, हॅलो' करत राहिला आणि मी इकडे फोन झोपलेल्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून बसलो.

आमच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला गेलो. गाडीत साडू येऊन बसलेच. दुकानदाराने "ही मोरबांगडी" म्हणत पदर पसरला. बायको आणि मुलगी भान हरपून बघत होत्या. साडूंनी पदर उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "विणली कुणी?"

"आमचेच कारागीर आहेत ना काका."

"नाव सांगा."

"नाव काय करायचंय काका? रंग बघा."

"ज्याने चार महिने पाठ मोडून ही विणली त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, आणि मोराचं नाव मात्र पाठ आहे. वा!"

दुकानदाराने घाम पुसत फोन लावला. पलीकडे विणकर. साडूंनी त्याची पाठ कशी आहे, डोळ्यांना चष्मा कितव्या वर्षी लागला, बायको कांड्या भरायला बसते का, सगळं विचारलं आणि शेवटी परस्पर लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं. लग्नाला तो विणकर सहकुटुंब आला. पंगतीत माझ्या मुलीकडे बोट दाखवून बायकोला म्हणाला, "ती बघ, आपली चालली!" पैठणीबद्दल म्हणत होता, पण मला उगाचच भरून आलं.

इथवर सगळं ठीक होतं. घोडचूक केली ती माझ्या बायकोने. लग्नात मुलीकडचं रुखवत मांडतात, त्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे गमतीच्या दोन ओळींचं कार्ड ठेवायची पद्धत आहे. साडूंचं अक्षर मोत्यासारखं. बायको म्हणाली, "भाऊजी, कार्डं तुम्हीच लिहा." साडूंनी आठवडाभर खोलीचं दार लावून लिहिली. लग्नाच्या सकाळी पाकीट आलं. आमच्याकडच्या पोरींनी कार्डावरचं ठळक नाव तेवढं बघून ज्या त्या वस्तूपुढे कार्ड मांडलं. खाली काय लिहिलंय ते कुणीही वाचलं नाही. साडूंचं अक्षर इतकं सुंदर, की लोक ते बघतात, वाचत नाहीत.

तासाभराने मी मांडवात आलो तर जेवणाच्या हॉलपेक्षा जास्त गर्दी रुखवताच्या टेबलाशी. मला वाटलं, काय कौतुक चाललंय! पुढे घुसलो आणि थिजलो. थर्माकोलच्या देवळापुढे: 'वडील: खनिज तेल. जन्म: मिनिटभरात. मरण: नाही.' साखरेच्या तुळशीवृंदावनापुढे: 'आई: ऊस. तोडणारं जोडपं नांदगावकडचं. त्यांची पोरं त्या वर्षी शाळेत गेली नाहीत.' स्टीलच्या डिनरसेटपुढे: 'आजोबा: डोंगर. सध्या त्या जागी खड्डा.' एक बाई वृंदावनाला हात जोडत होत्या, त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. वराकडचे एक काका तर बूट काढून हातात घेऊन उभे. विचारत होते, "चामड्याचं पण सांगतात का हो हे?"

आणि मधोमध समई. कमरेइतकी उंच, पितळेची, वरून चांदीसारखा लखलखता मुलामा. तिच्यापुढचं कार्ड आमचे व्याही वाचत होते. व्याह्यांचा अंबडलाच छोटा कारखाना. काम? नळाच्या तोट्यांना मुलामा देणं. माझ्या पायांखालची फरशी थेट मनमाड जंक्शनपर्यंत सरकली. कार्डावर लिहिलं होतं: 'आजोळ: तांब्याची खाण. मुलामा: आम्लाच्या हौदात. उरलेलं पाणी: नाल्यात. नाल्याच्या पुढे: एका वस्तीची विहीर. विहीर निर्वंश.'

"हा टोमणा कुणी मारलाय?" व्याही ओरडले. सनईवाला सूर अर्धाच सोडून थांबला. "आमचा धंदा काय ते माहीत असून? आम्ही विहिरी मारतो असं वाटत होतं तर सोयरीक कशाला जोडलीत? गाड्या काढा रे! हे कुणी लिहिलं ते कळल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही."

मुहूर्ताला वीस मिनिटं. खोलीच्या दारातून माझी मुलगी बघत होती. मुंडावळ्या बांधलेल्या, आणि त्यांच्यामधून दिसणारे ते डोळे. मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण त्या क्षणी एकही सुचेना. व्याह्यांच्या पायांवर डोकं ठेवायला मी वाकतच होतो, एवढ्यात गर्दीतून ठिगळांची पँट पुढे आली. हो, लग्नातही तीच.

"मी लिहिलं. कार्ड उलटा, व्याहीबुवा. मागे लिहिलंय कुणी केलं ते."

व्याह्यांनी कार्ड उलटलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'असा मुलामा देणारा: मी. एकतीस वर्षं. पाऊस लागला की टाकीचा कॉक सोडणारा: मी. पावसात पाण्याचा रंग कळून येत नाही, ही युक्ती काढणारा: मी.' आणि खाली साडूंची पूर्ण सही, वडिलांच्या नावासकट.

अठ्ठावीस वर्षं मी या माणसाला ओळखतो. जगाला धक्के देत फिरणारा हा माणूस, आणि सगळ्यांत मोठा धक्का त्याने खिशात दडवून ठेवलेला! माझी मेव्हणी मटकन खुर्चीत बसली. तिलाही ठाऊक नव्हतं.

व्याह्यांनी कार्ड पुन्हा एकदा पुढून-मागून वाचलं. मग पुटपुटले, "पाऊस लागला की... आमच्याकडेसुद्धा..." आणि वाक्य तिथेच गिळलं. कार्डाची घडी घालून खिशात टाकली. ती जाळण्यासाठी ठेवली की वाचण्यासाठी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. "मुहूर्त टळेल," ते खेकसले, "अंतरपाट धरा!"

लग्न लागलं. अक्षता टाकताना माझं लक्ष व्याह्यांच्या खिशाकडे, निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडल्या. पंगतीत साडूंनी पानाला हात लावला नाही. मला हळूच म्हणाले, "साडूभाऊ, शनिवारी मोकळे आहात का? एकट्याला धीर होत नाही."

ते दर शनिवारी स्कूटर घेऊन कुठेतरी जातात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शनीच्या देवळात जात असतील असं आम्ही धरून चाललो होतो. त्या शनिवारी मी मागे बसलो. पुढे पायांत पाण्याचे दोन कॅन, माझ्या मांडीवर तिसरा, आणि हँडलला लाल कापडातली वही. ते अंबडच्या मागच्या एका वस्तीवर थांबले. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून मजुरीला उतरलेली आणि तिथेच राहिलेली माणसं. एका ओट्यावर म्हातारी मावशी नागली पाखडत होती. शेजारी विहीर, तिच्यावर काटेरी फांद्या टाकलेल्या.

"आलं का काका? आज जोडीदार आणला व्हय?"

साडूंनी कॅन उतरवले, वही सोडली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. खाण, हौद, नाला. 'कॉक सोडणारा' या शब्दांशी येऊन आवाजच बंद झाला.

"वाचा की पुढं," मावशी सूप खाली ठेवून म्हणाली. "थांबले कामून?"

"मावशी... ते पाणी मी सोडत होतो."

"मला ठावं हाय."

मी दचकून कॅनवरच बसलो.

"पयल्या दिशीच वळखलं," ती म्हणाली. "तुमच्या पिशवीला आमच्या हिरीचा वास येत व्हता. शेळ्या गेल्या माझ्या, तवा तोच वास व्हता. लय शिव्या दिल्या तुमाला मनात. म्हटलं, कवा बोलतोय बघू. सात वरसं बघतेय." मग कॅनकडे पाहून जरा दटावल्यासारखी बोलली, "बोलून मोकळं झालं म्हणून पाणी आणायचं बंद नाय करायचं. आन ती हीर साफ कराया कुणाला सांगायचं ते सांगा. तुमाला कारखान्याची मान्सं वळखत्यात, आमाला नाय."

साडूंनी तेही वहीत लिहून घेतलं. मग वही माझ्यापुढे केली. समईच्या नामावळीत एक ओळ कोरी होती: 'घेणारे'. रामकुंडावर आलेला माणूस स्वतःच्या हाताने नाव लिहितो, तसं. समई मीच पसंत केली होती. चकाकी जास्त आहे म्हणून. जन्मभर बडबड केलेल्या माणसाला स्वतःचं नाव लिहायला इतका वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

विहिरीचे अर्ज घेऊन साडू आता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. त्यात थकलेत. अक्षरही हललंय, मोती आता ओघळल्यासारखे दिसतात. मधूनच संध्याकाळी आमच्याकडे येतात, बायको स्टीलच्या पेल्यात चहा देते, आणि ते काही न विचारता, काही न सांगता मुकाट्याने पितात. कोपऱ्यात ती समई जळत असते. मुलगी म्हणाली होती, "बाबा, ती तुमच्याकडेच राहू द्या." साडूंच्या त्या गप्पपणाची मला फार भीती वाटते हो. मग मीच पेला उजेडाकडे धरतो, टिचकी मारतो आणि विचारतो, "साडूभाऊ, याचा डोंगर कुठला असेल?"

ते हसतात, पण सांगत नाहीत. नुसती वही कोऱ्या पानावर उघडून माझ्याकडे सरकवतात.