वैजयंतीच्या व्हिडिओखालचं नाव

वैजयंतीला दुपारी जागेपणी स्वप्नं पडतात. पंखा सावकाश फिरत असतो, खाली वडिलांच्या पूजासाहित्याच्या दुकानातून कापराचा वास वर येत असतो, आणि हिला जिन्यात पावलं ऐकू येतात. कुणीतरी दारात चपला काढतंय, "येऊ का आत?" म्हणतंय. ती उठून बघते. जिना रिकामा.

पुण्यात मानसशास्त्र शिकून ती परभणीला परतली, तेव्हा आम्ही मैत्रिणींनीच चिडवलं, "बनी तो बनी, नहीं तो परभनी!" तिनं दुकानावरच्या खोलीत समुपदेशन केंद्र थाटलं. पण आमच्याकडं गुडघा दुखला तर माणूस चारचौघांत सांगत सुटतो. मन दुखलं की अळीमिळी गुपचिळी. भर बाजारात असला जिना चढायचा, म्हणजे चहा निवायच्या आत सासरी-माहेरी खबर.

म्हणून भाऊ श्रीशैलनं तिचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. पहिल्या व्हिडिओत ती इतकं छापील बोलली की मला रागच आला. असलं ऐकून बरा माणूस आजारी पडायचा! मग एका दुपारी तिनं कॅमेरा खिडकीकडं वळवला आणि नुसती बोलत राहिली. पिंगळीहून गाडी सुटली की डब्यात कशी पेंग येते, फुटलेल्या कापसात वारा कसा हळू फिरतो, आणि काही बायांना मात्र डोळे मिटले की कसा धसका बसतो. तो व्हिडिओ लोक पुन्हा पुन्हा ऐकू लागले. अंगठा मात्र कुणी दाबेना. दाबलेला अंगठा नणंदेला दिसतो.

तो ऐकून एकच बाई आली, झरीची कडूबाई. शेतात भाकर खाताना ती मोबाइल पाटीत ठेवून ऐकायची. बाळंतपणात लेक गेली, तेव्हापासून तिची झोप उडाली होती. आधी खाली विभूती घ्यायची, मग वर यायची. कितीतरी महिने आली. हळूहळू तिचा डोळा लागू लागला. वैजयंतीचा सगळा जीव त्या एका बाईत अडकला होता. तीही येईनाशी झाली, तर केंद्र बंद करून पुण्याला परत जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

कडूबाईनंच एकदा जाता जाता वैजयंतीच्या वडिलांना, महालिंगअप्पांना, सांगितलं, "तुमच्या लेकीच्या हाताला गुण हाय." गुण आला की डॉक्टरचं नाव दहा जणांना सांगायचं, हा आमचा रिवाज. अप्पांनी तो मनापासून पाळला. व्हिडिओखाली लिहिलं, 'झरीच्या कडूबाईंना इथेच गुण आला. अवश्य भेट द्या.' शेवटी जोडलेले हात.

ते वाचून वैजयंतीनं घाईघाईनं सगळं पुसलं.

"अप्पा, तिनं घरी सांगितलंय का, हे तरी माहीत होतं?"

अप्पा गोरेमोरे झाले. "माय, मी चांगलंच सांगायलो की गं."

ठरल्या दिवशी कडूबाई आली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. दुपारच्या स्वप्नात वैजयंतीला आता पावलं जिना उतरताना ऐकू यायची. "राजेश्री, घरात तिला काय काय बोलले असतील गं," असं म्हणून ती माझ्यापाशी रडली.

मग एका दुपारी मी तिथं असतानाच कडूबाई वर आली. बसली नाही.

"माजं नाव का पुसलं?"

"अप्पांचं चुकलं, कडूबाई. तुमच्या घरी कळलं असतं..."

"कळलंच की! भाच्यानं मालकाला वाचून दाखवलं. मी म्हनलं, व्हय, जाते मी, झोप लागायली मला. मालक गप बसले. मग मी शेजारणीला दाखवाया गेले, तर नाव गायब. ती म्हनली, बघ, डॉक्टरीणबाईलाच तुजी लाज वाटली." तिचा आवाज चिरकला. "लय रुसले मी. अप्पांनी लिवताना इचारलं न्हाई. तुमी पुसताना तरी इचारायचं व्हतं."

वैजयंतीची मान खाली गेली. "चुकलं माझं," ती म्हणाली.

कडूबाई खुर्चीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि आवाज बारीक केला.

"खाली दुकानात आमच्या गावच्या दोघी कापराचा भाव करायल्यात. त्यांना वर बोलवा. पर जिन्यातून नावानं हाक मारू नका."