वैशू का चावायची

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, शाळेतल्या ज्या मदतनीस मावशीबरोबर रोज डबा वाटून खाल्ला तिलाही नाही. मग आताच का सांगतेय? खरं सांगू — माहीत नाही. दमलेय, एवढंच. लपवून ठेवण्याचाही शेवटी कंटाळा येतो हो माणसाला.

मी विशेष मुलांची शिक्षिका होते. घोरावाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची शाळा. दोन खोल्या, पुढे ओसरी, चौदा मुलं, मी आणि मावशी. लोक म्हणायचे, बाई, केवढा तुमचा संयम! मीही मान डोलवायचे. संयम कसला डोंबलाचा! पण ऐकायला बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू?

वैशू आमच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. बोलायची नाही. घर लोणावळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीत. आई खंडाळ्याच्या एका बंगल्यात झाडलोट, धुणीभांडी करायची. रोज लोकलनं पोरीला सोडायची, उलट कामावर पळायची आणि चारला पुन्हा न्यायला यायची. अशा मुलांना घेणारी दुसरी शाळा तिला जमेल एवढ्या अंतरावर नव्हतीच. आमची शाळा हातची गेली की तिचं शिकणं संपलं.

आणि वैशू चावायची. स्वतःच्याच मनगटाला, रक्त येईस्तोवर. सोडवायला गेलं की ओरबाडायची.

आमच्या कामात याला एक पद्धत आहे. मूल असं वागलं की ओरडायचं नाही, शिक्षा करायची नाही, आधी कारण शोधायचं. कागदावर तीन रकाने आखायचे — आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय घडलं. रोज भरायचे. ज्याला बोलता येत नाही तो वागून सांगतो. आपण फक्त नीट बघायचं. तीन आठवडे मी बघितलं आणि लिहिलं. ते मात्र अगदी इमानदारीनं. मावशी म्हणायची, भूक लागते तिला. मला वाटायचं, लक्ष वेधून घ्यायला करते. कशाचं काय! कागद पुढ्यात घेऊन बसले आणि लख्ख दिसलं. वैशूला राजमा आणि वाटाणे वेगळे करायला फार आवडायचं. ट्रे मांडीशी घेऊन तासन् तास बसायची. घंटा झाली की मी तो ट्रे उचलायचे, दाणे शिल्लक असतानाच. चावा त्यानंतर. प्रत्येक वेळी!

उपाय इतका साधा की हसाल. घंटेच्या पाच मिनिटं आधी तिच्यासमोर रिकामा डबा ठेवायचा आणि म्हणायचं, “वैशू, संपवू या.” ती उरलेले दाणे भराभर निवडायची, डब्यात भरायची, झाकण स्वतः लावायची. बारा दिवस एकही चावा नाही! मनगटावर खपली धरली. त्या आनंदात मी घरी पेढे नेले होते.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. पुढची —

थांबा जरा. सांगते.

वैशू चावत नाही म्हणजे वैशू दिवसभर शाळेत. दहा ते चार माझ्या ओढणीला धरून. तिला प्रत्येक गोष्ट पाच मिनिटं आधी सांगावी लागायची — जेवण, हात धुणं, बाहेर जाणं, आत येणं. एकदा विसरून चालायचं नाही. त्यात बाकीची तेरा. माझे गुडघे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. ही कारणं म्हणून सांगत नाहीये. दमणूक कोणाला नसते? तिच्या आईला नव्हती? पण शाळेत एक नियम होता. मुलानं रक्त काढलं की घरी फोन करायचा आणि घरच्यांनी येऊन न्यायचं. वैशू गेली की उरलेला दिवस — काय सांगू, श्वास मोकळा व्हायचा.

तुम्हाला कळलंच असेल आता.

एका बुधवारी मी डबा ठेवला नाही. विसरले, असं स्वतःला सांगितलं. घंटा झाली, ट्रे उचलला, ती चावली, मी फोन केला. दीडच्या सुमाराला आई धापा टाकत आली आणि तिला घेऊन गेली. मी चहा केला. निवांत प्यायले.

पुढच्या बुधवारी मी विसरले नव्हते. बुधवारी मावशी मोठ्या मुलांना मैदानावर न्यायची, खोलीत बघणारं कोणी नसायचं. ट्रेमध्ये सात-आठच दाणे उरले होते. एक वाटाणा तिच्या चिमटीत होता. आणि मी ट्रे ओढला. तिनं चावावं म्हणून ओढला. तिला दुखावं असं काही माझ्या मनात नव्हतं — नाही, हे वाक्य नको. दुखणार हे मला माहीत होतं. तीन आठवडे मीच ते लिहून काढलं होतं ना?

मग आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. पाच महिने. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात मी लिहायचे — काही नाही. ज्या वागण्यातून काही मिळतं ते माणूस पुन्हा करतो, असं आम्ही पालकांना शिकवतो. मला अर्धा दिवस मिळत होता. माझ्या नावाचा तक्ता मात्र कोणी भरत नव्हतं.

तिच्या आईनं एकदा विचारलं, “बाई, घरी न्हाई ओ चावत ती. घरी लय गुणाची हाय. आमचं काय चुकतंय?”

आणि मी तिला म्हटलं, घरी लाड होत असतील. कसं निघालं तोंडातून? पण निघालं, सहज निघालं. वर मानभावीपणे सांगितलं, घरीसुद्धा नोंद ठेवत जा. तिला लिहिता येत नव्हतं, हे माहीत असूनही.

दोन महिन्यांनी ती भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. वैशू चावली की त्या तारखेवर तिनं स्वतःच्या कपाळाची टिकली चिकटवली होती. मरून, बारीक. रविवार कोरे. दिवाळीची सुट्टी सगळी कोरी. टिकल्या शाळेच्या दिवशी, आणि त्यातल्या बहुतेक बुधवारी, एकाखाली एक. माझ्याकडे या कामाचं सर्टिफिकेट आहे. त्या बाईनं टिकल्यांच्या एका पाकिटावर माझ्यापेक्षा खरा तक्ता मांडला होता.

मी घाबरले. आता विचारणार, असं वाटलं. तिनं विचारलंही — “बुधवारी काय असतंय ओ हितं?”

मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. “मंग शाळाच सोसत न्हाई तिला,” म्हणाली. “नगं बाई, तिचा हात बघवत न्हाई. मी घरीच ठिवते.”

मला एकच वाक्य बोलायचं होतं. अजून वेळ होता. कॅलेंडर पसरलेलं होतं, वैशू ओसरीवर चपला घालत होती. नोकरी गेली असती माझी, नाव गेलं असतं, पण पोरीची शाळा राहिली असती. मी म्हटलं, “तुम्हाला तसं वाटत असेल तर बघा.”

त्या दोघी गेल्या. पोरीला एकटं ठेवता येत नाही म्हणून आईनं बंगल्याचं काम सोडलं, असं पुढे मावशीकडून कळलं. मी “अरेरे” म्हणाले. त्या दोघी गेल्या त्या दिवशीही शाळा सुटेपर्यंत सगळं कसं शांत होतं, आणि मला बरं वाटलं होतं. हेही सांगायलाच हवं.

आता मी निवृत्त आहे. नव्या शिक्षिकांना हीच पद्धत शिकवायला मला बोलावतात. उदाहरण म्हणून मी वैशूचं सांगते — तीन रकाने, वाटाणे, रिकामा डबा, बारा दिवस. टाळ्या पडतात. मागच्या आठवड्यात लोणावळ्याच्या वर्गात एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, “मॅडम, मग ती मुलगी पुढे किती शिकली?”

मी म्हटलं, पालकांनी काढून घेतलं तिला.

सगळ्या हळहळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “आपण एवढं करायचं, आणि हे आईबाप असे!”

मी म्हणाले, “हो ना.”