सुरतहून आलेली रबरं

उतारावर मी आजही सगळ्यात मागे राहतो. चढावर आणि सपाटीला आमच्या सायकल-संघातल्या कुणाला मी ऐकत नाही, पण उतार लागला की बोटं आपोआप ब्रेकवर जातात आणि नाक जळका वास शोधत राहतं. आमचे मॅनेजर म्हणतात, एकदा डोकं तपासून घे. डोकं चांगलं आहे. त्यात काय बसलंय ते संघात कुणाला सांगितलेलं नाही, एवढंच.

आमचं शेत म्हसावदच्या अलीकडे. पपई, ऊस, थोडी केळी. शहाद्याला कॉलेजला जायला म्हणून घेतलेली सायकल मी शर्यतीत घातली आणि घरच्यांच्या मते वाया गेलो. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "सायकल पयाडीसन कोनं पोट भरनं शे?" त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे सायकलवर पाव विकतात, शर्यत कोण करतं?

मला धरून राहिले ते नंदुरबारचे चाचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं सायकलचं दुकान, आजोबांपासूनचं. मी पहिल्यांदा सेकंडहँड रेसर सायकल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती अर्धा तास नुसती पाहिली होती, सोनार दागिना बघतो तशी. मग एकेक गोष्ट शिकले. माझी दोन्ही चाकं त्यांनी स्वतः बांधली. ॲल्युमिनियमची रिम, बत्तीस आरे. टायरमध्ये हवा किती हवी ते मी मीटरवर बघायचो, ते अंगठ्याने दाबून सांगायचे, आणि फरक पडला तर मीटर बदलायला लावायचे.

चाचांचा एक रिवाज होता. दुरुस्त केलेली कुठलीही सायकल, मग ती दूधवाल्याची का असेना, ते आधी स्वतः चालवायचे. पुलाच्या उतारावरून सोडायची, मध्येच दोन्ही ब्रेक दाबायचे, परत यायचं, तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. म्हणायचे, "जो ब्रेकवर मी बठनू नही, तो ब्रेक मी कोनले देत नही." पाय दुखत असला तरी हे चुकत नसे. ब्रेक कसा आहे ते डोळ्यांना नाही, हाताला कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशात पुण्याहून एका संघाच्या मॅनेजरचा फोन आला. त्यांना एका दिवसाच्या लांब शर्यतींसाठी माणूस हवा होता. युरोपात अशा शर्यतींना क्लासिक म्हणतात. दिवसभर चालतात, वारा असतो, दगड बसवलेले रस्ते असतात, आणि नाजूक माणूस तिथे टिकत नाही. मी त्यांना म्हणालो, आमच्या खापरकडच्या रस्त्यावर या, दगड बसवलेले नाहीत, आपोआप वर आलेत. ते हसले. पण पुढे सरळ सांगितलं की संघात एकच जागा उरली आहे, आणि ती मार्चमधल्या आमच्याच जिल्ह्यातल्या शर्यतीवर ठरेल. शहाद्याहून निघायचं, म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळचा घाट चढायचा, वर वळसा घेऊन तोच घाट उतरायचा आणि म्हसावदला शेवट. पहिल्या तिघांत आलो तर जागा माझी. माझं वय बघता पुढच्या वर्षी कुणी विचारणार नव्हतं.

चार दिवसांनी त्यांनी चाकांची जोडी पाठवली. कार्बनची, उंच कडांची. हातात घेतली तर वजनच लागेना. राणीपूरपासून म्हसावदपर्यंत समोरून वारा लागतो; तिथे अशी चाकं म्हणजे देवच पावला. चाचांनी चाक फिरवलं, कान लावला, खूश झाले. मग खोक्यात हात घालून चाचपडत म्हणाले, "चाक ब्येस शे. पन येना रबर कोठे शेत?"

खोक्यात ब्रेकची रबरं नव्हती. आणि सगळी गोम तिथेच होती. कार्बनच्या रिमला वेगळी रबरं लागतात. चाचांनी फोनवरून दोन-तीन मिस्त्रींना विचारून खात्री केली आणि मला समोर बसवून सांगितलं, "ॲल्युमिनियमना रबर लावा तं घाटमा रिम तापी, मऊ पडी, नि ट्यूब फुटी जाई. रबर ईत नहीत तवलोंग हाई चाक मी बसाडत नही."

सुरतच्या एका दुकानाला ऑर्डर दिली. आज येतील, उद्या येतील. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडल्या होत्या, वारा फिरला की सगळी गल्ली खोकायची, आणि मी रोज चाचांच्या दुकानात नाकाला रुमाल लावून कुरियरची वाट बघायचो. दुकानाच्या खिळ्यावर ती चाकं लटकलेली असायची. त्यांच्याकडे बघून माझी जुनी चाकं मला बैलगाडीची वाटायला लागली. खरं सांगतो, मला तेव्हा चाचांचा राग यायचा. म्हातारा माणूस, दूधवाल्यांच्या सायकली दुरुस्त करणारा, याला कार्बनमधलं काय कळतं?

शर्यत दोन दिवसांवर आली आणि सुरतवाल्याने कळवलं, माल नाही, आठवडा लागेल.

मी त्या दिवशी दुसऱ्या दुकानातून ॲल्युमिनियमची साधी, काळी, नवी कोरी रबरं घेतली. त्यांचं पाकीट फाडून गटारीत टाकलं. एका जुन्या कुरियरच्या पिशवीत ती घातली आणि चाचांच्या समोर ठेवली.

"उनात का?"

"उनात चाचा. सुरतथून."

त्यांनी एक रबर बोटांत फिरवलं. "काया कसा काय? मन्हा ऐकामा तं पिवया ऱ्हातस."

"ह्या कंपनीना कायाच येतस."

कार्बनचं रबर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाना उचलला. मी स्वतःची समजूत घातली. उतार तेवढा सांभाळून घेऊ. तापेल तर मला तापेल, फुटेल तर माझी फुटेल. पडलोच तर मी पडेन ना? हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटला होता.

त्यात चाचांचा रिवाज मी धरलाच नव्हता. म्हणजे पुलाचा उतार मी धरला होता. तेवढ्याने काही तापत नाही. पण चाक बसवून झाल्यावर ते म्हणाले, "पूलना उतारवर काय समजी? घाटना ब्रेक घाटमाच देखना पडी. सकाय मी येस."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी, आम्ही गावातल्या एकाच्या पिकअपमध्ये सायकल आणि माझी जुनी चाकं टाकून निघालो. म्हसावद मागे पडलं, राणीपूर आलं आणि समोर सातपुडा उभा राहिला. गवत वाळून पिवळं झालं होतं, सागाची पानं झडली होती, डोंगराचे दगड उघडे दिसत होते. ऊन असं की पिकअपच्या पत्र्याला हात लावता येईना. चाचा माझ्या शेजारी बसून गुणगुणत होते. ते एवढे आनंदात का आहेत याचा मला त्रास होत होता.

अर्धा घाट चढून गाडी थांबवली. चाचांनी पायजम्याच्या कडा सुतळीने बांधल्या, माझं हेल्मेट डोक्यावर चढवलं. साठीच्या पुढचा माणूस, पण सीटवर बसला की पाठ सरळ. ब्रेक तपासायची त्यांची पद्धत म्हणजे उतारभर दाबत राहायचं, सोडायचंच नाही. तेच करायचं नव्हतं. त्याच रबराने, त्याच रिमवर, तेच नेमकं करायचं नव्हतं, आणि हे त्या घाटात फक्त मला ठाऊक होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. खरं बोललो असतो तर चाकं निघाली असती. बहुतेक चाचा माझ्याबरोबर शर्यतीलाही थांबले नसते. जागा गेली असती असं मला वाटलं. मी म्हणालो, "चाचा, हळू जा."

ते गेले. आम्ही पिकअप घेऊन मागे. एक वळण झालं, दोन झाली. ते व्यवस्थित उतरत होते. तिसऱ्या वळणानंतर मला वास आला, प्लास्टिक जळल्यासारखा. मी ड्रायव्हरला म्हणालो, हॉर्न दे. त्याने दिला. चाचांनी हात वर करून, ठीक आहे, अशी खूण केली. पाचव्या वळणावर धाडकन आवाज झाला आणि सायकल त्यांच्याखालून निघून गेली. ते कठड्यावर आदळले.

ड्रायव्हर धावत गेला, त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. मी तेव्हा पुढचं चाक काढत होतो. रिमची कड फुगून बाहेर आली होती, हात लावला तर चटका बसला. मी चाक पोत्यात गुंडाळलं आणि ब्रेकची रबरं उचकटून दरीत फेकली. हे सगळं चाचांजवळ जायच्या आधी केलं की नंतर, आठवत नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. आठवतं. आधी केलं.

उजवं मनगट मोडलं होतं. कोपर सोललं होतं. शहाद्याला दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर मी म्हणालो, उद्याची शर्यत सोडतो. चाचा हसले. "जाय, तू पय. मन्हा हातले काय उद्या सायकल चालावनी शे का?"

मी त्यांनी बांधलेल्या जुन्या चाकांवर शर्यत केली. घाट चढलो, घाट उतरलो, समोरच्या वाऱ्यात दात-ओठ खात म्हसावद गाठलं आणि तिसरा आलो. म्हणजे ती चाकं पुरेशी होती. पहिल्यापासून पुरेशी होती. मॅनेजरने पाठ थोपटली आणि फुगलेल्या रिमबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणालो, सरावात खड्ड्यात आपटली. असं होतंच, म्हणाले. जागा मला मिळाली.

पुण्याला गेल्यावर मी चाचांना अधूनमधून फोन करायचो. हात बरा आहे म्हणायचे. मलाही तेवढंच ऐकायचं असायचं. दिवाळीला घरी आलो तेव्हा दुकानात गेलो. ते ट्यूबला पंक्चरचा तुकडा चिकटवत होते. मनगट चांगलं चालत होतं. मी थोडा सैल झालो. तेवढ्यात एक माणूस ब्रेक लागत नाही म्हणून सायकल घेऊन आला. चाचांनी त्याला समोरच्या गल्लीतल्या दुकानाकडे पाठवलं.

"हात तं बरा शे ना?" मी विचारलं.

"बरा शे. पन आते त्याले ब्रेक कळत नही, घाटमा त्याना अंदाज चुकना. मी फक्त पंक्चर काढस. ब्रेकना काम मी बंद करी टाकं."

मला बसवेना. मी सगळं सांगितलं. काळी रबरं, फाडलेलं पाकीट, कुरियरची पिशवी, दरी. मान खाली घालून सांगितलं. संपल्यावर वाटलं, आता एक कानाखाली बसेल, आणि ती बसावी असं मला मनापासून वाटत होतं.

चाचांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. मग म्हणाले, "पहिला वळणवरच हात माले म्हणना, थांब. हाई रबर बराबर नही."

"मंग थांबनात काबर नही?"

"तू म्हणना व्हता, सुरतथून उनात. मी म्हणनू, पोऱ्या कसाले खोटं बोली? मन्हाच हात म्हातारा व्हई गया." त्यांनी उजवा तळवा उताणा करून गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "तो खरं सांगी ऱ्हायना व्हता. नि मी आठ महिना त्याले खोटा म्हणी ऱ्हायनू."

ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.