गोकुळदासची हजेरी

आमचा गोकुळदास पेडणे–म्हापसा खाजगी बसवर एकतीस वर्षं कंडक्टर होता, आणि त्या एकतीस वर्षांत त्याची बस क्वचितच वेळेवर पोचली असेल. हे मी रागानेच सांगतोय. मी म्हापशाला पोस्टात होतो, रोज त्याच बसने जायचो आणि त्याच्यापायी पोस्टमास्तरांची बोलणी खायचो. बस सुटताना हा मागच्या दरवाजात उभा राहून रस्ता न्याहाळायचा. लांब कुठे कुणी पळत येताना दिसलं की शिटी मारून बस थांबवायचा. मासळीची पाटी घेतलेली बाई असो, नाहीतर हरमलहून आलेला अर्ध्या चड्डीतला परदेशी असो. ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा. एकदा मी चिडून विचारलं, की मागून दुसऱ्या बस येत नाहीत काय? तर म्हणाला, "रघुनाथ, दिसता त्या माणसाक टाकून कसा जावचा?"

म्हटलं, स्वभाव. स्वभावाला औषध नाही. त्यामागे आणखी काही असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

आम्ही दोघे १९८३ सालच्या दहावीचे. वर्गात एक्केचाळीस मुलं-मुली, आणि गोकुळदास मॉनिटर. शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा जुनी कागदपत्रं मागच्या अंगणात जाळायला काढली होती. गोकुळदासने त्यातून आमच्या वर्गाचं हजेरीपत्रक उचलून आणलं, आणि तेव्हापासून दर जानेवारीत एका रविवारी तो आम्हाला जुन्या इमारतीत जमवतो. आमच्या वर्गखोलीत आता शिवणवर्ग चालतो. मशिनी भिंतीला सरकवून आम्ही बाकांवर बसतो, गुडघे कुरकुरतात, आणि गोकुळदास हजेरी घेतो. नंतर पातळभाजी, गोल उंडे पाव आणि गप्पा.

चार जण वारले आहेत. त्यांचं नाव आलं की बाकावरचा शेजारी त्यांच्या वतीने "हजर" म्हणतो. ही पद्धत गोकुळदासचीच. गणेशच्या वतीने मी म्हणतो. हा गणेश माझ्या डब्यातली पोळी रोज पहिल्या तासाला खायचा आणि दुपारी मलाच विचारायचा, आज भूक कशी नाही तुला? विमला प्रार्थनेला एवढ्या वरच्या पट्टीत सुरुवात करायची की आम्ही बाकीचे नुसते तोंड हलवायचो. दरवर्षी याच गोष्टी निघतात, दरवर्षी आम्ही तेवढेच हसतो. माणसं गेली, पण वर्गातून गेली नाहीत, हे मला फार बरं वाटतं.

अडचण होती ती चौतीस नंबरची. गंगा राऊळ. सावंतवाडीकडचं कुटुंब, बाप एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर. दहावीच्या डिसेंबरात ती शाळेत यायची बंद झाली ती कायमची. ती जिवंत आहे की नाही हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या शेजारी बसणारी कमल दरवर्षी तिच्या वतीने "हजर" म्हणायची, आणि गोकुळदास दरवर्षी तिथे थोडा अडखळायचा.

शोधायचं कसं? आमच्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. गंगाची आता कोण झाली असेल, देव जाणे. बाईचं माहेरचं नाव छापून येतं ते फक्त मरणाच्या बातमीत. म्हणून गोकुळदास रोज सकाळी पेपर मागून उघडायचा आणि निधनवार्ता वाचायचा. त्याची बायको हर्षा माझ्याकडे तक्रार करायची, की भल्या सकाळी हे काय वाचायचं?

गेल्या नोव्हेंबरात ती बातमी आली. पाळी येथील श्रीमती सुनंदा गावस, माहेरची गंगा राऊळ. गोकुळदास पेपर घेऊन माझ्या दारात उभा राहिला, बोट त्या बातमीवर. मी स्कूटर काढली.

पाळीला घर सापडायला वेळ लागला नाही. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीशी स्टुलावर हार घातलेला फोटो, पुढे दिवा. फोटोतली बाई पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची. मला काही ओळख पटेना, पण चाळीस वर्षांनी माझी तरी कुणाला पटेल? घरच्यांना आम्ही शाळेतले म्हणून सांगितलं. मी कोपऱ्यात बसलो. गोकुळदास फोटोपुढे गेला, हात जोडले, आणि मोठ्याने बोलायला लागला.

"गंगा, तू मळ्यातसून धावत येताना माका दिसललंस. दिसत असताना मी तुझी गैरहजेरी मांडली. जरा थांबाक जाय होतो मी."

मग सगळं बाहेर आलं. त्या सकाळी मास्तरांनी हजेरी त्याच्यावर सोपवली होती. तो खिडकीपाशी उभा होता आणि वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या मळ्यातून, दप्तर छातीशी धरून, गंगा पळत येत होती. याने नावं जरा सावकाश वाचली असती तर ती पोचली असती. पण मॉनिटरकीचा रुबाब. चौतीस म्हणाला, उत्तर आलं नाही, गैरहजर लिहिलं. ती दारात आली तेव्हा हा अडतीसवर होता. एकदा मांडलेली हजेरी मास्तर बदलत नसत. त्यांनी तिला बापाची चिठ्ठी आणायला घरी पाठवलं. ती गेली ती परत आलीच नाही. आपल्यामुळे एका मुलीची शाळा सुटली, हे ओझं हा माणूस चाळीस वर्षं वागवत होता, आणि मी पोस्टमास्तरांची बोलणी मोजत होतो. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली. ती मघापासून दारात उभी राहून ऐकत होती.

"ह्या तू कोणाक सांगतंस, गोकुळदास?" ती म्हणाली. "ती माझी चुलत बहीण. ती तुमच्या शाळेत कधी इलीच नाय. गंगा मी. मी हयसर आसंय."

गोकुळदास ताडकन उभा राहिला, मास्तर वर्गात आल्यावर उभा राहायचा तसा. मयताचं घर, हसावं की नाही कुणाला कळेना. मृत बाईच्या मुलाने तर हसू लपवायला तोंड भिंतीकडे केलं.

झालं होतं ते असं. गंगा हे आजीचं नाव. आजी वारली त्या वर्षी दोन्ही भावांच्या घरी मुली झाल्या आणि दोघांनीही आईचं नाव ठेवलं. घरात एक थोरली गंगा, एक धाकटी. पुढे दोघे भाऊ पाळीला खाणीवरच्या ट्रकांवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि मुली तिथेच आसपास दिल्या. आमच्या धाकट्या गंगेची सासरी शुभांगी झाली.

शाळा सुटली ती गोकुळदासमुळे नव्हेच, असं तिने चहा देता देता सांगितलं. त्या दिवशी पाळीला जायला सामान ट्रकात चढलं होतं. बापाकडून अर्धा तास मागून घेऊन ती कमलचा निरोप घ्यायला पळत आली होती, एवढंच.

परतताना मी म्हटलं, सुटलास बाबा, निर्दोष. डिचोली मागे पडली. मग तो मागच्या सीटवरून म्हणाला, "तरी कमलाक भेटाक गावला असता तिका."

जानेवारीत तिने यायचं कबूल केलं. गोकुळदासने कमललाही कळवलं. त्या दिवशी कमल नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी येऊन बसली. हजेरी सुरू झाली. गणेशच्या वतीने मी "हजर" म्हटलं. मुलगे संपले, मुली आल्या, आणि चौतीसपर्यंत गंगेचा पत्ता नाही. कमलने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, तर गोकुळदासने हात वर केला.

"तू नको. ती येतली."

आणि पेनाला टोपण लावून हा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पातळभाजी निवत होती. माझा जन्मच याच्या थांबण्यात गेला, असं मी बोलून घेतलं. कुणी फोन करायला सांगितलं, तर म्हणाला, बसमध्ये असेल, तिला घाई वाटायला नको. आता खिडकीतून मळा दिसत नाही, पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या मध्ये आल्या आहेत. फक्त रस्त्याचा एक तुकडा दिसतो. तो त्याच तुकड्याकडे बघत होता.

मग तो वळला. घाईघाईने टेबलाशी आला आणि पेन उघडलं. ती त्याला दिसली होती.

अठ्ठावन्न वर्षांची गंगा, साडी थोडी वर धरून, पर्स छातीशी घेऊन पळत आली आणि दारात थांबली. श्वास लागला होता. खोलीभर नजर फिरवली आणि गोकुळदासला विचारलं, "उशीर झालो. आत येंव, की घराक जांव?"

गोकुळदासने वर बघितलं नाही. त्याला बघवलं नसणार. फक्त नंबर वाचला.

"चौतीस."

"हजर."

त्याने लिहिलं. त्या पिवळ्या पानावर आता जागा तरी कुठे होती, पण लिहिलं. गंगा येऊन बाकावर कमलच्या शेजारी तिच्या जुन्या जागी बसली. कमलने तिचा हात धरला आणि मान खाली घातली.

"पस्तीस," गोकुळदास म्हणाला. पस्तीस म्हणजे कमल. तिला रडू आवरेना, तोंडातून आवाज फुटेना. आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

"हजर," गंगा म्हणाली.